दोन तुकड्यांची बंदूक

मी एक बंदूक आहे. पण लगेच दचकू नका. माझ्यात दारू भरत नाहीत, वारा भरतात. त्या वाऱ्यावर हरभऱ्याहूनही लहान एक छर्रा सुटतो, आणि तो लागला तर लागतो. माझा दुसरा गुण म्हणजे मी दोन तुकड्यांची आहे. एक मोठा स्क्रू फिरवला की नळी वेगळी, दस्ता वेगळा. दोन्ही मिळून पाठीवरच्या पिशवीत मावतात. याच गुणासाठी शालिग्रामभाऊंनी मला निवडलं, आणि याच गुणापायी आज मी वनखात्याच्या चौकीतल्या कुलूपबंद खोलीत कुऱ्हाडी आणि फासक्यांच्या शेजारी पडून आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका शहरात, पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथल्या कारागिरांनी मला घासलं, तेल दिलं आणि एका डब्यावर दोन छर्रे मारून पाहिले. मग मला खोक्यात घातलं, आणि त्या खोक्यावर बर्फाच्या डोंगरात उभ्या असलेल्या दाढीवाल्या माणसाचं चित्र चिकटवलं. मला वाटलं, आपण थंड मुलुखात निघालो. उतरले ती भुसावळ स्टेशनावर, एप्रिल तोंडावर आला असताना.

शालिग्रामभाऊ वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. काडतूस हातात घ्यायचं, भिंगाखाली फिरवायचं, बरं असेल तर डावीकडच्या पेटीत आणि वाईट असेल तर उजवीकडच्या. एवढ्या वर्षांत लाखो काडतुसं त्यांच्या बोटांतून गेली, पण त्यांतलं एकही त्यांनी स्वतः उडवलं नाही. निवृत्त झाल्यावर हीच गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. त्यातच मुलीनं, मेघानं, त्यांना मोठा मोबाईल घेऊन दिला, आणि त्या मोबाईलमध्ये त्यांना ते लोक भेटले जे मुद्दाम जंगलात हरवतात आणि जिवंत परत येऊन दाखवतात.

मग निवड सुरू झाली. चार महिने ती चालली. वही घातली, तक्ते आखले. वजन किती, मोडल्यावर लांबी किती, गंज धरते का, थंडीत गारठलेल्या बोटांनी जोडता येते का. भाऊंच्या रावेर तालुक्यात थंडीनं बोटं गारठायची म्हणजे केळीच्या गारगोदामात कोंडून घ्यावं लागेल; पण तक्त्यात तो रकाना होता. अस्वलाचाही होता.

खऱ्या बंदुकीच्या परवान्यासाठी ते कचेरीत जाऊन आले. तिथल्या कारकुनानं विचारलं, "जिवाला धोका कोणापासून?"

"जंगलापासून," भाऊ म्हणाले.

"मग जंगलात जाऊ नका की, काका."

म्हणून मग बिनपरवान्याची, वाऱ्यावर चालणारी मी.

घरी आल्यावर भाऊंनी मला ओट्यावर घेऊन वीसेक वेळा जोडलं आणि सोडलं. त्यांच्या पत्नी कुंदाबाई भरताची वांगी भाजत होत्या. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "अहो, तठी जंगलात तुम्ही मारसाल काय आन् खासाल काय? तुमाले तर कोंबडी कापलेलीबी पाहवत नाही."

"तुले नाही समजनार," भाऊ म्हणाले. "प्रश्न तयारीचा आहे."

भाऊंचा एकच जिवाभावाचा मित्र, संघपाल. कारखान्यात दोघं एकाच बाकावर शेजारी बसून काडतुसं पारखत. संघपाल शांत, मोजकं बोलणारा माणूस. दर रविवारी विहारात जाणारा, मुंगी दिसली तरी पाय आवरणारा. त्याला साखरेचा आजार होता. सकाळी गोळी घ्यायची आणि तासाभरात पोटभर खायचं, नाहीतर साखर एकदम खाली उतरते, हे त्याला डॉक्टरांनी बजावलेलं होतं. भाऊंनी "सातपुड्यात फिरायला जाऊ" म्हटल्यावर तो लगेच तयार झाला. माझ्याबद्दल भाऊंनी त्याला काही सांगितलं नव्हतं. त्याला अचानक चकित करायचं होतं.

निघायच्या सकाळी कुंदाबाईंनी तीन पुडांचा डबा भरला. कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि वरून घरच्या बागेतली चार केळी. "संघपालभाऊले गोळी घेतल्यावर लगेच खायाले द्या," त्या दोनदा म्हणाल्या. डबा पिशवीत गेला. माझा दस्ता गेला. नळी मात्र जाईना. भाऊंनी मला आडवं घातलं, उभं घातलं, तिरपं घातलं. मी पिशवीत मावते असं तक्त्यात लिहिलं होतं, पण डब्यासकट मावते असं कुठं लिहिलं होतं? शेवटी नळी पोत्यात गुंडाळून त्यांनी स्कूटरवर पायाशी ठेवली.

डोंगराच्या पायथ्याशी दोघांनी स्कूटर लावली. संघपाल हातपंपावर गोळी घेऊन पाणी प्यायला गेला तेवढ्यात भाऊंनी इकडंतिकडं पाहिलं, पिशवीतून डबा काढला, डिकीत ठेवला आणि त्या जागी माझी नळी सरकवली. मी डब्याच्या उबेवर बसले. भाकरीचा वास अजून पिशवीत होता. मला त्या वेळी अभिमानच वाटला, लपवून कशाला ठेवू? माणसानं अन्न काढून मला जागा दिली होती.

तासाभरानं चढ संपला. संघपाल एका मोहाच्या झाडाखाली दगडाला टेकला. त्याच्या कपाळावर घाम डवरला होता, आणि तो चालण्याचा घाम नव्हता.

"शालिग्राम, डबा काढ रे. मला कसंतरी होऊ राह्यलं."

भाऊंनी पिशवी उघडली. आत मी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मित्राकडे.

"डबा," ते म्हणाले, "डिकीत राहिला."

*राहिला.* मराठी भाषा मोठी सोयीची आहे. डबा आपला आपण राहतो, त्यात कोणाचा हात नसतो.

संघपाल आणखी मागं टेकला. त्यानं डोळे मिटले. थोड्या वेळानं त्याचे हात थरथरायला लागले, आणि तो कारखान्यातल्या भोंग्याबद्दल काहीतरी असंबद्ध बोलू लागला. भाऊंनी मोबाईल काढला. रेंज नव्हती. खाली स्कूटरपर्यंत जाऊन यायचं तर दोन तास. मित्राला असं एकटं टाकून जायचं कसं?

आणि मग भाऊंनी मला जोडलं. चार महिने ज्या घडीची वाट पाहिली होती, ती आली होती. नळी, दस्ता, स्क्रू. ओट्यावर जे अर्ध्या मिनिटात व्हायचं त्याला इथं पाच मिनिटं लागली. बोटं गारठली नव्हती, घामानं निसटत होती. मोहाच्या वरच्या फांदीवर एक होला बसला होता. भाऊ नीट दिसावं म्हणून दगडावर चढले. छर्रा घातला. गाल माझ्या दस्त्याला लावला.

तुम्हाला सांगते, त्या गालाचे स्नायू मला कळत होते. तो शिकाऱ्याचा गाल नव्हता. तो रडायच्या बेतात आलेल्या म्हाताऱ्याचा होता. आणि समजा, होला पडलाच असता, तर? सोलायचा कोणी, भाजायचा कशावर? आगपेटी नव्हती. तिचा रकाना तक्त्यात होता, पण खिशात नव्हती.

भाऊंनी चाप ओढला. फट् झालं. होला उडाला, पुढच्या झाडावर जाऊन बसला आणि पुन्हा घुमायला लागला. तो कुठं गेला हे पाहता पाहता भाऊंनी मागं पाय टाकला. तिथं दगड संपला होता. ते खाली पडले, आणि त्यांचा घोटा मोडल्याचा आवाज माझ्या आवाजापेक्षा मोठा होता.

"ओ आबा! वर काय देखी राह्यनात? खाले देखा ना, खाले!"

उतारावरून एक बाई येत होती. डोक्यावर टोपली, कमरेला फडकं. तिचं नाव सुंदरबाई. वरच्या पाड्यावरची पावरा आदिवासी बाई, मोह वेचायला आलेली. आमच्याशी ती बाजारातल्या खानदेशीत बोलत होती. तिनं आधी संघपालकडे पाहिलं, त्याचा हात हातात घेतला, आणि भाऊंना विचारलं, "कवाधरनं उपाशी शे?"

"सकाळपासून. साखरेचा आजार आहे."

"मंग गोड दिलं का न्हाई? बठ्ठं गोडच तं पडेल शे!"

तेव्हा भाऊंनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. झाडाखाली सगळीकडे मोहाची फुलं पडली होती. पिवळसर, रसरशीत. संघपालच्या मांडीवर होती, खांद्यावर होती, भाऊंच्या चपलेखाली चेंगरली होती. आम्ही त्या फुलांवर उभं राहून आभाळात नेम धरला होता.

सुंदरबाईनं मूठभर फुलं उचलली, आतले तंतू झटकले आणि ती चोळून त्यांचा रस संघपालच्या ओठांवर सोडला. मग एकेक फूल त्याच्या तोंडात दिलं. "चाव, भाऊ. चाव." घाबरणं नाही, घाई नाही. पंधरावीस फुलं झाल्यावर संघपालनं डोळे उघडले आणि ते एका जागी ठरले. त्यानं भाऊंना पाहिलं, त्यांच्या शेजारी मला पाहिलं. कितीतरी वेळ तो मलाच पाहत होता.

मग ती बाई भाऊंच्या पायाकडे वळली. घोटा टम्म सुजला होता. तिनं आजूबाजूला सरळ काठी शोधली, आणि मग तिची नजर माझ्यावर पडली.

"हाई मोडस का?"

"हो," भाऊ कण्हत म्हणाले. "दोन भाग होतात."

"चांगलं शे," ती म्हणाली.

माझ्या त्या गुणाचं तेवढं एकच कौतुक आजवर कोणी केलं. एका बाजूनं नळी, दुसऱ्या बाजूनं दस्ता, आणि वरून तिचं फडकं करकचून. जगण्यासाठी म्हणून मला घेतलं होतं. तर घ्या, आता मी मोडक्या पायाची खपची झाले. पाड्यावरच्या दोघांना हाक मारून तिनं घोंगडीची झोळी करवली आणि भाऊंना खाली आणलं. संघपाल झोळीमागून चालत आला.

पायथ्याच्या चौकीवर तेजस नावाचा तरुण वनरक्षक होता. त्यानं फडक्यातून डोकावणारी नळी पाहिली आणि त्याच्या भुवया वर गेल्या. जंगलात बंदूक म्हणजे गुन्हा. पण जप्त करायची तर पाय सोडायचा. शेवटी माझ्यासकट भाऊंना जीपमध्ये घालून तो रावेरच्या दवाखान्यात आला, प्लास्टर होईपर्यंत बाहेर बसला, आणि मग मला घेऊन गेला.

आठ दिवसांनी जबाबासाठी दोघांना चौकीत बोलावलं. मी टेबलावर होते, गळ्यात कागदाची चिठ्ठी. तेजस भला पोरगा. त्यानं भाऊंच्या पायाकडे पाहिलं आणि पेन उघडत म्हणाला, "काका, पायाला आधार म्हणूनच ही नळी वापरली ना? सुंदरबाईपण तसंच सांगून गेल्या. मग तसंच लिहितो. विषय संपला."

भाऊ माझ्याकडे पाहत राहिले. एकतीस वर्षं वाईट काडतूस त्यांनी उजव्या पेटीत टाकलं होतं, त्यात एकदाही हयगय केली नव्हती.

"नाही," ते म्हणाले. "शिकारीसाठी नेली होती. नेम धरला होता, चापही ओढला होता. लागलं नाही, हा भाग वेगळा." मग त्यांनी संघपालकडे न बघताच पुढं सांगितलं, "आणि साहेब, हे लिहायचं नसेल तर नका लिहू, पण सांगतो. डबा डिकीत राहिला नव्हता. मी काढला होता. बंदूक मावेना म्हणून."

तेजसचं पेन थांबलं. त्यानं संघपालला विचारलं, "तुमची काही तक्रार आहे का?"

"आहे," संघपाल म्हणाला. "पण ती इथं लिहायची नाही."

दोघांनी सह्या केल्या. संघपाल आधी उठला आणि बाहेर पडला. चौकीच्या दाराशी तीन उंच पायऱ्या आहेत; प्लास्टरच्या पायानं त्या उतरणं म्हणजे कसरतच. भाऊ काठी टेकत दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. त्यांना हाक मारायचा धीर होईना. संघपाल खाली उतरून दहाएक पावलं पुढं गेला होता. तो थांबला. वळला. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत परत आला, पायरीखाली उभा राहिला आणि पाठमोरा होऊन त्यानं आपला खांदा पुढं केला.

भाऊंनी काठी टाकली आणि त्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर ते दोघं मला दिसले नाहीत. माझं काय होणार ते कोर्ट ठरवेल; तोवर नळी वरच्या फळीवर, दस्ता खालच्या. तुम्हीही माझ्यासारखी एखादी निवडायला बसला असाल तर बसा, माझी ना नाही. वजन पाहा, लांबी पाहा, गंज पाहा. फक्त मला पिशवीत घालायच्या आधी एकदा बघा, की माझ्यासाठी आतून काय बाहेर काढताय. एवढं सांगायचं होतं. आता खोलीला कुलूप लागेल.