बाबा म्हणतील तेव्हा तोडणी

आमच्या घरात वाईनच्या द्राक्षांना कात्री कधी लावायची, हे सासरे ठरवतात. नवऱ्याकडे साखर मोजायचं यंत्र आहे, मोबाईलवर तासातासाचं हवामान आहे. पण बाबांनी मणी चघळून "हं, चला" म्हटल्याशिवाय कुणी घडाला हात लावत नाही. यंत्राला साखर कळते, चव कळत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांचं म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं फार कौतुक होतं. आता कौतुक करायलाही अंगात त्राण लागतं.

यंदा पानगळीच्या दिवसांनी अंतच पाहिला. सकाळचं धुकं दुपारपर्यंत हटेना. ऊन यायचं ते घाईतल्या पाहुण्यासारखं, टेकलं न टेकलं की निघालं. वेलींवरचं दव सुकत नव्हतं, आणि अशा ओलीत घडाच्या आत बुरशी धरते. बाहेरून घड छान दिसतो, बोट लावलं की मणी पचकन फुटतो. खालच्या ओळींत ती शिरलीच होती. तोडणीला आलेली माणसं शेडमध्ये हात बांधून बसली होती. पण काम नसलं म्हणून भूक थोडीच थांबते? त्यांचा स्वयंपाक माझ्याकडे, वाईनच्या टाक्या धुणं माझ्याकडे, सडके मणी खुडणंही माझ्याकडेच. जीव नुसता मेटाकुटीला आला होता.

रोज सकाळी बाबा मला घेऊन ओळींतून फिरायचे. दोन मणी तोडायचे, एक मला द्यायचे, एक स्वतःला ठेवायचे. मी औषध घ्यावं तसा गिळायचे. मग ते मागे उभ्या असलेल्यांना सांगायचे, "अजून तुरट आहेत. थांबा."

"बाबा, यंत्र म्हणतंय की तयार आहेत," नवरा म्हणायचा.

"मग वाईनही यंत्रालाच पाज."

नवरा घरी येऊन माझ्यावर डाफरायचा, जणू द्राक्षांत तुरटपणा मीच ओतला होता.

एका सकाळी माझी मान आखडली होती. मणी तोंडात टाकला आणि मानेत अशी कळ आली की तोंड वाकडं झालं. मणी मात्र मधासारखा होता. बोटं चिकट झाली, गांधीलमाश्या मागे लागल्या.

"बघा, केवढी आंबट!" बाबा म्हणाले.

त्यांचा मणी अजून त्यांच्या हातातच होता.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. सासूबाई कांदे चिरत होत्या. "आई, बाबांना चव कळते ना?"

त्यांची सुरी थांबली. "उन्हाळ्यात ताप येऊन गेला ना, तेव्हापासून काही म्हणता काही कळत नाही त्यांना. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय मला. सुनेची जीभ चांगली आहे, म्हणतात. म्हणून तर तुला नेतात."

मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे बाबा रोज माझा चेहरा वाचत होते! आणि चेहऱ्यावर शिणाशिवाय काही नव्हतंच. माझ्या आंबट तोंडापायी अख्खा मळा वेलीवर सडत होता. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने सगळ्यांदेखत बोलून दाखवलं असतं, आणि बाबांची खाली गेलेली मान पुन्हा वर आली नसती. ते मला नको होतं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मोठा पाऊस सांगितला होता. तेव्हा सकाळी आपण हसायचं, बस्स, असं ठरवलं.

हसणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. मी आरशासमोर सराव केला. तरी ओळीत उभी राहून मणी चावला तेव्हा ओठ काही केल्या वर जाईनात. गालच ऐकेनात. सगळे माझ्याकडे बघत होते, आकाश काळवंडत होतं आणि मी दात दाखवत उभी होते. नवऱ्याने घाबरून विचारलं, "काय गं, दाढ दुखतेय?"

त्यावर मात्र मला खरंच हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि पाठीमागे वळून म्हणाले, "हं, चला!"

माणसं क्रेट घेऊन पळाली. दुपारपर्यंत वरच्या ओळी उतरल्या. खालच्या निम्म्या गेल्यातच जमा होत्या. मी घड कापत होते तेव्हा बाबा शेजारी येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "गोड होता ना गं मणी? मला काही कळत नाही आता."

"गोड होता, बाबा. द्राक्षं कधीचीच गोड आहेत. यापुढे माझ्या चेहऱ्यावर जाऊ नका, सरळ विचारा."

त्यांनी समोरच्या घडातला एक सडका मणी खुडून टाकला.

"रोज बघत होतो तुझ्याकडे," ते म्हणाले. "मला वाटायचं, द्राक्षं कच्ची आहेत. तू इतकी दमलीयस, हे एकदाही मनात आलं नाही."

या घरात हे पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं. त्यांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली, रिकामा क्रेट पालथा घातला आणि म्हणाले, "बस."

मी बसले. ते माझी ओळ कापू लागले. पहिले टपोरे थेंब पडले, नवरा लांबून माझ्या नावाने ओरडायला लागला, तरी मी उठले नाही.