गुंजीला गाडी दोन मिनिटं थांबते

पाऊस कुणाला लागतो आणि कुणाला लागत नाही, हे आमच्या घरात सासूबाईंनी ठरवून ठेवलंय. माझी नणंद लतिका निपाणीला दिलेली. ती दर नागपंचमीला माहेरी येते, धो धो पावसात येते, लुगड्याचे काठ पिळत येते, आणि सासूबाई दारातच म्हणतात, "आली गं माझी बाय! पावसाचं काय, तो पडायचाच." आणि मला गुंजीहून आईचं बोलावणं आलं की ह्याच सासूबाई कपाळाला हात लावतात. "ऐन पावसात? बाईमाणसानं? डोकं बिकं आहे का काही?"

गुंजी काही सात समुद्रांपलीकडं नाही. बेळगावला गाडीत बसायचं, खानापूर गेलं की पुढं गुंजी. सकाळी निघालेलं माणूस दुपारच्या जेवणाला पोचतं. तरी आईचं घर बघून मला चार वर्षं झाली होती. उन्हाळ्यात पापड-सांडगे असतात, दिवाळीत पाहुणे असतात, आणि पावसाळ्यात मेला पाऊस असतो.

ज्येष्ठात अण्णाचं कार्ड आलं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, गुंजीच्या लाकूड डेपोत कारकून आहे, आई त्याच्याजवळ असते. कार्डात चार ओळी होत्या. आईचे डोळे जात चाललेत. डॉक्टर म्हणतो, ह्याला आता उपाय नाही, दिवाळीपर्यंत जेवढं दिसेल तेवढं. आई रोज म्हणते, वसूचं तोंड एकदा बघू दे, मग अंधार झाला तरी चालेल.

कार्ड घेऊन मी ह्यांच्यापुढं उभी राहिले. हे जेवत होते. डावा हात पुढं करून घेतलं, वाचलं, आमटीच्या वाटीशेजारी ठेवलं.

"वाईट झालं," म्हणाले. "पण आता मिरग लागला. पावसाळा संपू दे. दिवाळीला जा की."

"अहो, दिवाळीपर्यंतच दिसणार म्हणतोय अण्णा."

"डॉक्टर लोक वाढवून सांगतात. भात वाढ."

मी भात वाढला. काय करणार? माझं तोंड तेव्हा शिवल्यासारखं झालं, ह्याचा मला अजून राग येतो.

त्यानंतर तीन आठवडे झाले असतील. एका संध्याकाळी ह्यांचे मित्र हरिभाऊ वकील आले, त्यांच्याबरोबर कचेरीतले आणखी दोघे. सोप्यात सतरंजी अंथरली. त्यावर रेल्वेचं गाड्यांच्या वेळांचं पुस्तक, एक नकाशा आणि तांबडी पेन्सिल. आणि मला हुकूम, कांद्याची भजी.

मी भजी तळत होते नि कान सोप्याकडं. हळूहळू सगळं कळलं. साहेबानं ह्यांना आठ दिवसांची रजा दिली होती, आणि चौघं मिळून गोव्याला निघाले होते. हवापालट करायला! आषाढात! हरिभाऊंनी कुठंतरी वाचलं होतं, दूधसागरचा धबधबा बघावा तर भर पावसात, गाडी अगदी त्याच्या अंगावरून जाते, खिडकीतून हात काढला तर तुषार हातावर. मग पुढं मुरगाव, समुद्रासमोरची खोली, शहाळी, आणि श्रावण लागायच्या आत पोटभर ताजे मासे.

"रघुवीर, पावसातच खरी मजा," हरिभाऊ म्हणाले. "पावसाला भिऊन घरात बसणारा माणूस तो माणूस का?"

"तेच म्हणतो मी," आमचे हे म्हणाले.

कढईत घाणा करपला. करपू दे म्हटलं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला होता की हातातला झारा मी सोप्यात भिरकावलाच असता, पण गरम तेल सांडून फरशी खराब झाली असती आणि ती मलाच पुसावी लागली असती.

रात्रीपर्यंत कोण थांबतो? भज्यांची ताटली ठेवतानाच म्हटलं, "गाडी गुंजीवरूनच जाती की. मला तिथं उतरवा. परत येताना घेऊन या. एवढंच."

 एकानं भजं उचललं ते तसंच हातात धरलं. हे म्हणाले, "अगं, आमच्यात तू कुठं? मंडळींना संकोच वाटतो."

"मी बायकांच्या डब्यात बसते. मंडळींच्या मांडीवर बसत नाही."

हरिभाऊंनी वकिली आवाज काढला. "वहिनी, तुम्ही कशाला हाल करून घेताय? जंगलातलं गाव, चिखल, वर जळवा. पाय ठेवायची सोय नसती."

"मी त्याच जळवांत वाढले वकीलसाहेब. त्या मला ओळखतात."

तेवढ्यात सासूबाई आतून आल्याच. श्रावण तोंडावर आलाय, जिवतीची पूजा आहे, लतिका येणार आहे, घरात बाई नको? आणि ऐन पावसात? मी ह्यांच्याकडं बघितलं. एक शब्द बोला म्हटलं मनात, एकच बोला. ह्यांनी नकाशावर पेन्सिल टेकवली आणि लोंढ्याला गाडी किती वेळ थांबते ते बघायला लागले.

त्यांच्या त्या नकाशात गुंजी होतं बरं का. बारीक अक्षरात. पेन्सिलीची रेघ बरोबर त्याच्यावरून गेली होती.

पुढचे आठ दिवस घरात लगीनघाई. रबरी कोट आले. त्यांचा वास माजघरापर्यंत यायचा. हे रोज एकदा तो कोट घालून आरशासमोर उभे राहायचे. मी चिवडा केला, लसणाची चटणी कुटली, दशम्या केल्या, पायमोजे रफू केले. मुरगावच्या माशांच्या गोष्टी तर रोज संध्याकाळी. माझी मावशी कारवारला असते. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून ठेवतात, नारळी पुनवेला नारळ दिल्याशिवाय कुणी समुद्रात उतरत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक. मिळालाच तर सुका बांगडा मिळेल. सांगितलं नाही. मला कुणी विचारलं होतं का?

आणि इथवरही मी गिळलं असतं, खरं सांगते. गिळायची सवय झाली होती. पण निघायच्या आधी चार दिवस हे स्वयंपाकघरात आले आणि पाटावर बसून लाडात म्हणाले, "वसुधा, तुझ्या आईला एक कार्ड टाक की."

माझं काळीज सुपाएवढं झालं. वाटलं, सुचलं ह्यांना. म्हटलं, "काय लिहू?"

"लिही, बुधवारी सकाळच्या गाडीनं आम्ही चौघं जातोय. गुंजीला गाडी दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात अण्णानं जेवणाचा डबा घेऊन प्लॅटफॉर्मवर यावं. गरम तांदळाच्या भाकऱ्या, आणि आता अळंबी निघाली असतील रानात, तर अळंबीचं कालवण. तुझ्या आईच्या हातचं. मी मंडळींना सांगून ठेवलंय, तसं कालवण बेळगावात मिळायचं नाही. जरा झणझणीत कर म्हणावं."

आमच्या भागात ही रीतच आहे. गावावरून पाहुण्यांची गाडी जाणार असली की डबा घेऊन स्टेशनवर जायचं. खिडकीतून डबा द्यायचा, ख्यालीखुशाली विचारायची, गाडी हलली की हात करायचा. मी काही रीतीला नावं ठेवत नाही. पण माझी आई चुलीतला जाळ बघून नाही, ऊब लागते म्हणून ओळखत असणार. तिनं पहाटे उठून चाचपडत अळंबी साफ करायची, भाकऱ्या थापायच्या, बोटं भाजून घ्यायची, चौघांसाठी. का? तर जावई पाऊस बघायला निघालेत! आणि जिचं तोंड बघायला ती झुरतेय, ती इथं जिवतीचा कागद चिकटवत बसणार!

"लिहिते," मी म्हटलं. "झणझणीत लिहिते."

लिहिलं. ह्यांनी सांगितलं तसंच एक कार्ड लिहिलं, ह्यांना वाचून दाखवलं. हे खूष होऊन बाहेर गेले. मग ते कार्ड मी चुलीत घातलं आणि दुसरं लिहिलं. 'आई, बुधवारी सकाळच्या गाडीनं मी येते. पाऊस असला तरी येते. काही रांधू नको. वसू.' कोपऱ्यावरच्या पेटीत माझ्या हातानं टाकून आले.

बुधवारी पहाटेपासून पावसानं नुसतं झोडपलं होतं. हे रबरी कोटात, पायात रबरी बूट, हरिभाऊंना घ्यायचं म्हणून टांग्यानं लवकर गेले. जाताना म्हणाले, "आईला सांभाळ." माझ्या आईला नव्हे, त्यांच्या.

टांगा गल्लीबाहेर गेला तसं मी आत जाऊन हिरवं लुगडं नेसले. आईनं चार वर्षांमागं दिलेलं, घडी न मोडलेलं. दोन कपड्यांचं गाठोडं बांधलं. भाऊबीजेचे पैसे कमरेला खोचले.

सासूबाई देवापुढं वाती करत होत्या. "कुठं?"

"गुंजीला. आईकडं."

"पावसात?"

"व्हय. पावसात. पावसाचं काय, तो पडायचाच."

त्यांचा हात वातीवरच राहिला. "आणि घर? स्वयंपाक? लोकं काय म्हणतील?"

"डाळ-तांदूळ वर काढून ठेवलेत. तुमचे हातपाय धड आहेत आत्याबाई, आणि डोळेही. लोकांना सांगा, सून हवापालटाला गेली."

पुढं त्या काय बोलल्या ते पावसात ऐकू आलं नाही. छत्री वाऱ्यानं दोनदा उलटी झाली. स्टेशनवर तिकीट काढलं, तेव्हा खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "एकट्याच?" मी म्हटलं, "का? एकटीला तिकीट मिळत नाही?" त्यानं मुकाट्यानं दिलं.

हे चौघं मागच्या डब्यात. त्यांचं हसणं प्लॅटफॉर्मभर. मी पुढं बायकांच्या डब्यात, दाराजवळ. शेजारी खानापूरची एक म्हातारी कोंबड्यांची करंडी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "माहेराला निघालीस व्हय?" तर मला रडूच फुटलं. रागानंच रडत होते मी. चार वर्षं ज्या गाडीला जग पालथं घालावं लागेल असं वाटत होतं, ती ही एवढीशी. बसायचं आणि उतरायचं. कुणी म्हणून मला धरून ठेवलं नव्हतं. दाराला कडीसुद्धा नव्हती.

खानापूर गेलं. झाडी दाट झाली. गुंजी आलं.

गाडी थांबते न थांबते तोच मी उतरले. पाऊस असा की उतरताच चिंब झाले. मागच्या डब्यातून ह्यांची मान बाहेर आली, डोक्यावर ती रबरी टोपी. मान इकडं फिरली, तिकडं फिरली. अण्णाला शोधत होते. मग मी दिसले. आ वासला. माझं गाठोडं बघितलं, लुगडं बघितलं. मी थांबले. म्हटलं, आता काय बोलतात बघू. माझ्या मनात चांगलं काहीतरी शिल्लक होतं अजून, नाहीतर थांबले कशाला असते?

हे ओरडले, "वसुधा! डबा कुठाय?"

मी पाठ फिरवली.

स्टेशनच्या पत्र्याखाली अण्णा उभा होता, आणि त्याच्या दंडाला धरून आई. घोंगडं पांघरलेलं, पाय चिखलानं भरलेले. तेवढा चिखल तुडवत आली होती ती. मी समोर जाऊन उभी राहिले तरी तिची नजर माझ्या खांद्यावरून मागं कुठंतरी.

"आई."

"वसू?" तिनं डोळे बारीक केले. "हिरवं दिसतंय गं. हिरवं नेसलीस न्हवं? तोंड न्हाय दिसत. थोडी पुढं ये. आणखी ये." मी इतकी पुढं गेले की तिचा श्वास लागत होता. "न्हाय," ती म्हणाली. "गेल्या सालापर्यंत लई बरं होतं बघ."

गेल्या साली नागपंचमीचं बोलावणं आलं होतं. गेल्या साली पाऊस होता.

मग तिनं दोन्ही हात वर केले आणि माझं तोंड चाचपलं. गाल, नाक, हनुवटी. भुवयांच्या मध्ये बोट थांबलं. तिथंच फिरत राहिलं.

"ही आठी न्हवती माझ्या पोरीला," ती म्हणाली. "कधीपासनं आहे?"

 मागं गार्डानं शिट्टी दिली. आणि मागच्या डब्यातून पुन्हा, आता रडकुंडीला आल्यासारखी, हाक, "अगं ए! डबा! मंडळी उपाशी आहेत!"

आईनं मान वळवली. पावसात तिला आवाज ओळखू आला नाही.

"कोण गं ओरडतंय?"

"गाडीतला कुणीतरी आहे," मी म्हटलं. "भूक लागलीय त्याला."

"अगं बाई." तिनं घोंगड्याखालून केळीच्या पानात बांधलेलं पुडकं काढलं. रांधू नको म्हणून लिहिलं होतं, तरी. "तुझ्यासाठी केलतं. दोन भाकऱ्या, थोडी अळंबी. उपाशी माणूस आहे, त्यातलं दे जा त्याला. पळ, गाडी सुटंल."

पुडकं अजून गरम होतं. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर भाजल्याचे फोड होते.

गाडी हलली. मी पान सोडलं, भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि तिथंच उभ्या उभ्या पहिला घास तोंडात घातला. रबरी टोपी समोरून गेली तेव्हा मी चावतच होते.