मनोगुरूंचे निळे रुमाल

सभागृहातल्या तीनशे खुर्च्या भरल्या होत्या, उरलेले भक्त भिंतीला टेकून उसासे टाकत होते. मंचावर मनोगुरू. ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केलेली. त्यांनी एका शिक्षिकेच्या कपाळावर पांढरा रुमाल धरला, त्यावर फिकट चहाच्या रंगाचं ‘शांतिजल’ शिंपडलं आणि रुमाल निळाशार झाला. दुःख बाहेर पडतंय, असं गुरूंनी सांगताच टाळ्यांचा कडकडाट. सातव्या बैठकीला रुमाल पांढरा राहिला की माणूस बरा. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र पहिल्याच दिवशी मंचाजवळच्या कचरापेटीत टाकायच्या.

माझ्या धाकट्या बहिणीनेही टाकल्या होत्या. ती माझ्याच लाँड्रीत कपड्यांना खळ देते. आठ महिने तिला जेवण जात नव्हतं, उगाचच छातीत धडधडायचं. डॉक्टरांनी नैराश्य आणि चिंतेचा आजार सांगितला, गोळ्या दिल्या. तिसऱ्या आठवड्यात ती जरा पोटभर जेवू लागली, तोच वहिनीने तिला इथे आणलं. गोळ्या सुटल्या आणि ती पुन्हा खचली.

“ताई, सकाळी डोळेच उघडू नयेत असं वाटतं,” ती सातव्या बैठकीच्या आदल्या दिवशी म्हणाली. तेव्हाच तिला दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण एकच बैठक उरलीय म्हणून तिने हात जोडले, आणि मी मूर्खासारखं ऐकलं.

सातव्या बैठकीत तिचा नंबर आला. रुमाल शाई सांडल्यासारखा निळा झाला. गुरू क्षणभर गांगरले, मग सावरून म्हणाले, “हिची श्रद्धाच कच्ची. असल्या मनाला कोण वाचवणार?”

तीनशे माणसं तिच्याकडे बघू लागली. ती खाली मान घालून माझ्यापाशी आली.

“माझंच चुकलं, ताई. गुरूंच्या रुमालांचे दोन गठ्ठे येतात ना आपल्याकडे? लाल दोऱ्याच्या गठ्ठ्याला खळ द्यायची, पांढऱ्या दोऱ्याच्या नाही. परवा लक्षच लागत नव्हतं. मी दोन्हींना दिली.”

माझी ट्यूब तेव्हा पेटली. वर्षभर हे गठ्ठे मी धुतले, आणि बड्या गिऱ्हाइकाची लहर म्हणून कधी विचारलं नाही. खळ म्हणजे स्टार्च. स्टार्चवर आयोडीन पडलं की ते निळं होतं, हे शाळेत बटाट्याच्या फोडीवर बघितलेलं.

मी मंचावर चढले, शांतिजलाची बाटली उचलली आणि गुरूंच्या बाहीवर ओतली. सदराही आमच्याच लाँड्रीतला, कडक खळीचा. बाही कोपरापर्यंत निळी झाली.

“एवढं दुःख? मग आधी तुम्हीच सात बैठका घ्या,” मी म्हटलं आणि सगळ्यांना गठ्ठ्यांची हकिगत सांगितली. कोणी हसलं, कोणी अजूनही हात जोडून बसलं. अशांची मला कीव येत नाही, चीड येते.

सभागृहातून मी तिला थेट डॉक्टरांकडे नेलं. सकाळी काय वाटतं, ते तिने त्यांना स्वतः सांगितलं. ते रागावले नाहीत. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत आणि दर आठवड्याला बोलायला यायचं, एवढंच बजावलं. बरं वाटायला दोन महिने लागले. कुठलाही रुमाल निळा झाला नाही, टाळ्याही वाजल्या नाहीत.

मन हाडामांसाच्या माणसाचंच असतं, ते आजारी पडतं आणि उपचारांनी सुधारतं. घरात कुणी असं खचलं असेल तर आजच दवाखाना गाठा. त्या दिवशी लक्ष लागत नव्हतं तो तिचा आजार होता. आम्हा तीनशे जणांचं डोकं चालत नव्हतं, त्याला मात्र काही निमित्त नव्हतं.