तिसऱ्या गाण्यातली ओळ

मिओरीचा अल्बम साऱ्या जपानात पहिल्या नंबरावर गेला आणि तिचं अभिनंदन करायची कुणाची छाती होईना. घरात आईचं सुतक. कंपनीच्या माणसाने फोनवर बातमी सांगितली आणि पाठोपाठ माफीही मागितली. मिओरी साकाता गावी माहेरी आली, तर शेजारच्या सुगावाराबाई उकडलेल्या कंदांचा डबा घेऊन दारात. "अभिनं—" एवढं तोंडातून सुटलं, तशी जीभ चावून म्हणाल्या, "थंडी फार पडलीय, नाही?" आणि डबा देऊन पळाल्याच.

मिओरीला त्या शब्दाची भूक नव्हती. बाबांनी आपल्याला माफ करावं, एवढंच तिला हवं होतं. आजारी आई फोनवर म्हणायची, "एखादं तरी गाणं ऐकव की गं." आणि ही गुणी लेक सांगायची, "अर्धंकच्चं नाही ऐकवणार. अल्बम बाजारात आला की दुकानातून आण, सगळ्यांसारखा." तिसरं गाणं आईवरचं होतं. त्यातली एक ओळ मनासारखी लागेना, म्हणून ती पुन्हा पुन्हा गात बसली, आणि उन्हाळ्यात यायचा अल्बम हिवाळ्यावर गेला. आई तेवढी थांबली नाही.

बाबांचं सलून घराच्या पुढच्या भागातच. आज ते बंद होतं. मागच्या खोलीतल्या देव्हाऱ्यापाशी पांढऱ्या कापडात बांधलेली अस्थींची पेटी, वाफाळता भात, आणि शेजारी अल्बम, वरचं प्लास्टिकही न काढलेला. नवे तांदूळ असोत की झाडाचं पहिलं फळ, या घरात गेलेल्या माणसाला आधी दाखवायचं आणि मगच आपण खायचं.

"बाबा, तुम्ही ऐकला नाहीत?"

"तिच्याआधी कसा ऐकू?"

मिओरीचा बांध फुटला. "मला बोला ना काहीतरी! मी तेव्हाच ऐकवलं असतं तर..."

"रेडिओवर लागलं होतं," बाबा म्हणाले. "अल्बम यायच्या आधी, तुझं ते तिसरं गाणं. मी आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाची, कुदोची दाढी करत होतो. आतून ही ओरडली, 'अहो, बंद करा! आधी बंद करा ते!' कुदो म्हणतो, अरे, पोरीचं गाणं आहे, राहू दे की. मी फेसाच्या हातांनी बंद केलं. आत जाऊन बघतो तर हिने उशी कानांवर दाबून धरलेली. म्हणाली, 'पोरीला शब्द दिलाय. दुकानातून आणूनच ऐकणार, सगळ्यांसारखा.'"

मिओरी देव्हाऱ्यापाशी बसली.

"तुझ्यावर कसला राग धरू, पोरी? बटण तर मी दाबलं."

त्यांनी देव्हाऱ्यातली घंटी वाजवली, हात जोडले, अल्बम खाली घेतला आणि सलूनमधल्या जुन्या प्लेअरवर लावला. मिओरी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. तिसरं गाणं सुरू झालं, ती ओळ आली आणि गेली. तिने कान टवकारले होते.

"बाबा, परत लावा."

त्यांनी परत लावलं. ओळ आली, गेली.

"छान आहे की," बाबा डोळे पुसत म्हणाले. "यात दुरुस्त काय करत होतीस एवढं?"

पहिल्यांदा गायलेल्या ओळीत आणि या ओळीत मिओरीला फरक ऐकूच येत नव्हता.