आपला निळा

नदीच्या चित्राची कल्पना मुळात दवाखान्यातल्या नर्सची. पोटाच्या तक्रारी घेऊन येणारी मुलं बघून बघून ती वैतागली होती. "गोळ्या देऊन देऊन माझे हात दुखले," ती म्हणायची, "आणि ही कार्टी पुन्हा त्याच घाण नदीत उड्या मारायला मोकळी!" नर्स मशिदीत जाणारी. तिच्या शेजारी राहणाऱ्या बाई चर्चमध्ये पियानो वाजवायच्या. चहा पिता पिता दोघींनी ठरवलं, की कापडाचे तुकडे जोडून नदीचं एक भलंमोठं चित्र करायचं आणि ते मशीद, चर्च आणि देऊळ अशा तिन्ही ठिकाणी आळीपाळीनं लावायचं. नदी घाण करू नका म्हणून वाटलेली पत्रकं कुणी वाचत नाही, पण प्रार्थनेला आलेलं माणूस समोर असेल त्याच्याकडे बघतंच.

देवळाकडून त्यांना रंगाऱ्याची सून मिळाली. नदीच्या वरच्या अंगाला तिच्या सासऱ्यांचा कापड रंगवायचा छोटा कारखाना होता, आणि शिवणकामात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

नर्सच्या घरातल्या पुढच्या खोलीत काम सुरू झालं आणि पहिल्याच बैठकीत ठिणगी पडली. पियानोवाल्या बाईंनी कागदावर बोरूच्या शेंड्यावर बसलेला खंड्या काढून आणला होता.

"मशिदीत लावायचं तर पक्षी नको," नर्स म्हणाली. "नमाजाच्या जागी आमच्याकडे जिवांची चित्रं चालत नाहीत. झाडं, पानं, पाणी हवं तेवढं घ्या."

"खंड्याशिवाय कसली नदी?" बाई रुसल्या. पुढच्या बैठकीला आल्याच नाहीत. मग रंगाऱ्याच्या सुनेनं एक तोडगा काढला. तिनं बोरूची काडी नुसती वाकलेली शिवली, शेंडा किंचित हलल्यासारखा आणि खाली पाण्यावर एक वलय. बाईंना बोलावून आणून ती म्हणाली, "पक्षी आत्ताच उडालाय." बाई बराच वेळ त्या काडीकडे बघत बसल्या. मग चष्मा पुसत नर्सला म्हणाल्या, "बघ हं, चाहूल लागली असेल त्याला. तू फार मोठ्यानं बोलतेस." तिघी हसल्या.

राहिला प्रश्न पाण्याच्या रंगाचा. बाजारातला कुठलाच निळा सुनेला पटेना. तिला खोल पाण्याचा निळा हवा होता, आत थोडी हिरवी झाक असलेला. तिनं सासऱ्यांना गळ घातली. ते हाडाचे रंगारी, हौसेनं कामाला लागले. रंगाचा एक घोळ फिका निघाला, एकाची झाक जांभळी गेली, एक वाळल्यावर राखेसारखा दिसायला लागला. "सूनबाई, तुझी नदी माझा जीव घेणार," असं म्हणत ते बिघडलेला हौद मोकळा करायचे आणि पुन्हा पाणी तापवायचे.

हौद मोकळा करायचा म्हणजे मागचा व्हॉल्व्ह उघडायचा. स्वयंपाक करताना तिला तो आवाज ऐकू यायचा, कुणीतरी गुळण्या केल्यासारखा. पाइप कुठं जातो हे तिला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं. जिन्याची तुटकी पायरी जशी सवयीनं ओलांडली जाते, तसं ते सगळे तेवढं ओलांडून जायचे.

शेवटी हवा होता तसा निळा उतरला, आणि काम झाल्यावर तो हौदही मागून मोकळा झाला. कापड पूर्ण झालं आणि आधी मशिदीत लागलं. मौलवींनी त्याच्यापुढे उभं राहून सांगितलं, की वाहत्या नदीकाठी बसून वजू केला, नमाजाआधी हातपाय धुतले, तरी पाणी जपून वापरायची शिकवण आहे. मग घाण टाकायचा तर प्रश्नच येत नाही. लोक जवळ येऊन कापडाला हलकेच हात लावून जात होते. सासरेही मुद्दाम आले. चपला दाराशी काढून ते भिंतीसमोर उभे राहिले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "निळा आमच्याकडचा आहे."

कुणाला वाटलं नव्हतं, पण चित्र खरंच लागू पडलं. चर्चमधल्या मुलांनी नदीकाठ साफ करायची टूम काढली. मशिदीतले लोक निघाले, देवळातले निघाले. एका सकाळी हातमोजे घालून, पोती घेऊन सगळे काठावर उतरले. सून सगळ्यांत पुढे होती. बोरूत अडकलेल्या पिशव्या ओढताना ती नर्सला चिडवत होती, आणि इतकी मोकळी ती कितीतरी दिवसांत हसली नव्हती.

वळणाशी पाणी संथ होतं. पियानोवाल्या बाई तिथं वाकल्या आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या, "अगं, इकडे या! हा तर आपला निळा!"

बोरूच्या मुळांशी पाणी साचलं होतं. निळं, खोल, आत थोडी हिरवी झाक. मुळांना त्याचं पुट चढलं होतं. बाईंना खरोखरच आनंद झाला होता. नदीनं चित्राची नक्कल केली असं त्यांना वाटलं असावं.

नर्सनं मोजा काढून बोट बुडवलं, बोटाकडे बघितलं आणि मग सुनेकडे.

"वर कुणीतरी कपडे धुतले असतील," सून म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"ऊन वाढतंय, चला," नर्स म्हणाली आणि पोतं उचलून पुढे झाली. तिनं आपल्याला सांभाळून घेतलं हे सुनेला कळलं, आणि तेच तिला जास्त लागलं.

पण बाकीच्यांचं कुतूहल जागं झालं होतं. वळणाच्या वर काठालाच एक गॅरेज होतं. घोळका तिकडे वळला. गॅरेजवाला गाडीखालून बाहेर आला, हात पुसत.

"नदीत काय सोडता तुम्ही?" कुणीतरी आवाज चढवला.

"माझ्याकडे तेल आहे. तेही काळं, आणि डब्यात भरून ठेवतो. निळं कुठून आणू?"

"मागे ते रंगाचे डबे कसले आहेत मग?"

"गाड्या रंगवायचे. झाकणं लावलेली आहेत, उघडून बघा की."

बघायला कुणी गेलं नाही. एक जण सुनेकडे वळला. "ताई, तुम्हाला रंगातलं कळतं. यांच्याकडचं असेल का?"

सगळे तिच्याकडे बघत होते. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता.

"असू शकेल," ती म्हणाली.

मग लोकांनी त्या माणसाला काय काय ऐकवलं! मुलांच्या पोटात विष घालतोस, लाज नाही वाटत, प्रार्थनेला कधी दिसत नाहीस म्हणूनच असला. तो आधी भांडला, मग गप्प झाला. त्याचं गिऱ्हाईक चावी मागून गाडी घेऊन निघून गेलं. पियानोवाल्या बाईसुद्धा त्याच्यावर बोट रोखून बोलत होत्या. सून पोत्याची गाठ पुन्हा पुन्हा आवळत राहिली.

घरी आल्यावर ती जेवण अर्धं टाकून उठली. सासरे हौदापाशी होते. ती तिथंच गेली.

"बाबा, आपला पाइप वळणापर्यंत पोचतोय. आज सगळ्यांनी पाहिलं."

ते हौद ढवळायचे थांबले नाहीत. "तुझ्यासाठीच काढला होता तो रंग. एरवी मी एवढे घोळ कशाला वाया घालवतो?"

"म्हणूनच सांगतेय. माझ्यासाठी गेलं ते पाण्यात. आणि मी दुसऱ्याचं नाव पुढे केलं."

"कुणाचं?"

तिनं सांगितलं. सासऱ्यांनी काठी बाजूला ठेवली. गॅरेजवाल्याला ते ओळखत होते, कारखान्याचा टेम्पो दुरुस्तीला त्याच्याकडेच जायचा. मग म्हणाले, "मशिदीत मी त्या माणसाला सांगितलं, निळा आमच्याकडचा आहे म्हणून. मोठ्यानं सांगितलं." आणि खाली मान घालून आत निघून गेले.

कापड आता चर्चमध्ये लागायचं होतं. ते टांगायला जमलेल्या लोकांसमोर सुनेनं सांगून टाकलं. वाक्यं जुळवून आली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. "तो निळा आमच्या कारखान्याचा आहे. मला तेव्हाच माहीत होतं. मी खोटं बोलले," एवढंच म्हणाली.

पियानोवाल्या बाई ताडकन उठल्या. "आणि मला त्या माणसावर ओरडू दिलंस? या वयात?" त्यांनी आपली पिशवी उचलली. "खंड्या काढू दिला नाहीत ते मी गिळलं. हे नाही गिळता येत मला." त्या निघून गेल्या. पुढं कितीतरी दिवस त्या तिच्याशी कामापुरतंच बोलल्या.

नर्स म्हणाली, "मलाही कळलं होतं. मीही गप्प बसले." पण त्यानं सुनेचं ओझं काही हलकं झालं नाही. तिला वाटलं, आपण हिलाही आपल्यात ओढलं.

कापड काढून टाकावं असं काहींचं म्हणणं पडलं. चर्चच्या पाद्रींनी ते लावायला सांगितलं. "आता कुठं ते खरं बोलायला लागलंय," ते म्हणाले. प्रार्थनेला सून मागच्या बाकावर बसली. समोर एवढा मोठा निळा होता आणि तिला मान वर करवत नव्हती.

सासऱ्यांनी व्हॉल्व्हला टोपण ठोकलं. रंगाचा गाळ बसवायला मागे टाक्या बांधायला काढल्या, तोवर काम बंद. सुनेचा नवरा दुसऱ्याचा टेम्पो चालवायला लागला. घरात कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

गॅरेजकडे जायला मात्र तिचे पाय उचलत नव्हते. एकदा जाऊन कोपऱ्यावरूनच परतली. दुसऱ्या खेपेला तो दारातच उभा होता, पळायला वाव राहिला नाही.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "तुमच्याकडचं नव्हतं. आमचं होतं."

"ऐकलंय मी." तो पान्हा पुसत होता. "माझी पोरगी शाळेत जाईना झाली होती, माहीत आहे? चिडवायचे तिला."

त्यानं पान्हा रस्त्याकडे रोखला.

"बोललात तेव्हा आख्खा रस्ता ऐकत होता. चर्चमध्ये सांगितलंत, ते चर्चमधल्यांनी ऐकलं. इथं कुणी ऐकलं?"

समोरच्या दुकानात माणसं होती. बसथांब्यावर काही उभी होती. सून रस्त्याच्या कडेला आली. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा तिनं मोठ्यानं सांगितलं, आपण कोण, कारखाना कुठला, पाइप कुठला, आणि या माणसाचा काही दोष नाही. दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला. बसथांब्यावरची एक बाई शेजारणीच्या कानाशी लागली. कुणीतरी हसलं.

ती मागे वळली. गॅरेजवाल्यानं नुसती मान हलवली आणि तो गाडीखाली गेला. ती तिथंच उभी राहिली. आता जावं का, हे त्याला विचारायचं तिला धाडस होईना.