बावीस जोड

"बावीस. भरले सगळे. काढ रे गाडी, गेर्गो," असं म्हणत पिरोश्कामावशी पुढच्या सीटवर टेकल्या आणि गाइडची लाल छत्री त्यांनी मांडीवर आडवी ठेवली.

मी चावी फिरवली नाही. आरशात सहाव्या रांगेतली खिडकीची जागा रिकामी दिसत होती.

बुडापेस्टात मी टूरची बस चालवतो, त्याला एकोणीस वर्षं झाली. माझ्या आधी बाप चालवायचा, पिरोश्कामावशींबरोबरच. गाइड म्हणून बाई पक्क्या. पण त्या कधी डोकी मोजायच्या नाहीत, बूट मोजायच्या. "टोप्यांचं काय, वारा सुटला की घालतात, थांबला की काढतात. बूट दिवसभर तेच." लोक बघत उभे राहिले की या मागून मान खाली घालून जोड मोजत जायच्या. आकडा कधी चुकला नाही. या हिवाळ्यापासून मात्र चुकायला लागला. गेल्या आठवड्यात एक बाई बाजारातच राहिली. ऑफिसात मी ठोकून दिलं की चूक माझी, मीच गाडी घाईनं काढली. साहेबाला ते पटलं नाही. म्हणाला, "आणखी एकदा असं झालं, तर तिला घरी बसवतो." घरी बसवतो म्हणे! घरी त्यांचं होतं कोण?

आज पूर्वेकडच्या एका खेड्यातली पेन्शनर मंडळी आली होती, बहुतेकांची राजधानीची पहिलीच खेप. घरून आणलेल्या पोगाचा नावाच्या खाऱ्या बिस्किटांचे डबे गाडीभर फिरत होते, थट्टा चालली होती. माझं मात्र लक्ष लागेना. मावशींनी सकाळपासून दोनदा मला बापाच्या नावानं हाक मारली होती. तो जाऊन आठ वर्षं झाली.

आणि आता नदीवर हे. दान्यूबच्या काठाला स्मारक म्हणून लोखंडी बुटांची रांग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात ज्यू माणसांना तिथं उभं केलं, बूट काढायला लावले आणि गोळ्या घालून पाण्यात लोटलं. मावशींच्या आईची बहीण इलका त्यातच गेली. म्हणून इथं मोजायचं नाही, बसपाशी आल्यावर मोजायचं, असा मावशींचा नेम. आज मात्र त्या इथंच मान खाली घालून मोजताना दिसल्या होत्या.

"सहाव्या रांगेत कोण होतं हो?" मी विचारलं.

"अगं बाई, वेंदेल!" मार्गितमावशी ओरडल्या. या त्या खेड्यातल्या मंडळींपैकीच. "वेंदेल कुठाय?"

"मोजलाय मी त्याला," पिरोश्कामावशी ठासून म्हणाल्या. "तपकिरी बूट, डाव्याला नाडीऐवजी सुतळी. या डोळ्यांनी बघितलेत."

मी धावत सुटलो. रांगेच्या टोकाला, लोखंडी बुटांना लागूनच, तपकिरी चामड्याचा एक जोड होता. डाव्याला सुतळी. आत मोजे नीट गुंडाळून ठेवलेले. माणूस नव्हता. खाली मार्चचं मातकट पाणी भरून वाहत होतं आणि मला तिकडे बघायचा धीर होईना.

पिरोश्कामावशी धापा टाकत मागे येऊन उभ्या राहिल्या. बुटांकडे बघत हळूच म्हणाल्या, "इलका."

"वेंदेलकाका! ओ काका!" मी बोंबललो.

"ओरडतोस कशाला रे गाढवा? बहिरा आहे काय मी?"

पलीकडे पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. म्हातारा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून बसला होता. "टाचेला हे एवढे फोड आलेत! सकाळपासून दगडांवरून हिंडवताय. घोडा आहे का मी?"

तोवर मार्गितमावशी पोचल्या. "मेल्या, गावच्या ओढ्यात पाय बुचकळतोस ते कमी पडलं का? जीव घेतलास की आमचा!"

मागून आलेले सगळे हसले. मीही हसलो. पिरोश्कामावशींना म्हटलं, "झालं गेलं. ऑफिसात काही कळायला नको. मी बघतो."

त्या हसल्या नाहीत. वाकून त्यांनी बूट उचलले, बाहीनं पुसले आणि पायऱ्या उतरून म्हाताऱ्याच्या शेजारी ठेवले.

"मी बूट मोजले, गेर्गो. आत माणूस आहे का, ते बघितलंच नाही."

"होतं हो एखाद्या वेळी."

"दुसरीकडे होऊ दे. इथं नाही."

तिथंच त्यांनी फोन लावला. "पिरोश्का बोलतेय. उद्यापासून दुसरं कुणी बघा. नाही, गेर्गोची चूक नाही. गेल्या आठवड्यातही नव्हती." मी नदीकडे तोंड फिरवलं.

बसपाशी आल्यावर त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि पुढच्या सीटवर न बसता मागे, प्रवाशांमध्ये, खिडकीशी जाऊन बसल्या. मी मोजायला सुरुवात केली. एकेकाच्या तोंडाकडे बघत शेवटच्या रांगेपर्यंत गेलो. गाइड स्वतःला कधी मोजत नाही.

"किती?" त्यांनी विचारलं.

"तेवीस."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "काढ गाडी."