कापलेले तीन शब्द

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मावशी मला लाडाने 'डबा' म्हणतात. माझे पुसण्याचे बटण निखळले आहे, बॅटरीही जेमतेम टिकते. कान मात्र शाबूत आहेत, आणि माझी सगळी भीती तिथूनच सुरू झाली.

मावशींची एक शिस्त होती. मुलाखत संपली की सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचे आणि मी नुसत्या खोलीचा आवाज टिपायचा. पंख्याची घरघर, खुर्चीची कुरकुर. पुढे वाक्य कुठे कापले तर तिथे ही शांतता भरतात, म्हणजे सांधा कळत नाही. माझी शांतता फार स्वच्छ असते असे सगळे म्हणत आणि मी फुशारून जाई.

मग श्रद्धा आणि विज्ञानावरचा माहितीपट आला. एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "प्रार्थनेनं माझी आई सावरली आणि औषधानं बरी झाली." दिग्दर्शिकाताईंना ते मिळमिळीत वाटले. त्यांनी मधले तीन शब्द उडवले आणि माझी शांतता भरली. उरले ते असे: प्रार्थनेनं माझी आई बरी झाली. मावशींनी हरकत घेतली. एवढ्याने कुणाचे काय बिघडते, असे म्हणत ताईंनी मूळ आवाज पुसायलाच सांगितला. बटण दुरुस्त झाले की पुसते, असे मावशी म्हणाल्या, आणि दुरुस्तीला काही नेईनात. तरी माझे कपाट उघडले की मी कान टवकारी. आज आपण संपलो, असेच वाटे.

एका सकाळी ताई धापा टाकत आल्या. फिल्म त्यांनी सर्वांआधी आपल्या आईला दाखवली होती. डॉक्टरच सांगते म्हणून आईने हृदयाच्या गोळ्या चार दिवस बंद ठेवल्या होत्या.

ताईंनी मला आईच्या उशाशी ठेवले. मी अख्खे वाक्य ऐकवले. आईने लेकीकडे पाहिले.

"हे तरी पुरतं आहे का गं?"

ताईंनी आईच्या तळव्यावर गोळी ठेवली आणि मला तसेच चालू दिले. मुलाखतीनंतर टिपलेली मिनिटभराची शांतता सुरू झाली. आई गोळीकडे पाहत राहिली, आणि तेवढ्यात माझी बॅटरी संपली.

जाग आली ती कपाटात. पुढे काय झाले, मला कुणी सांगितलेले नाही. मित्रांनो, कुणाचे बोलणे पुढे नेणार असाल तर पुरते न्या. आणि त्या आईने गोळी घेतली का, हे कुणाला ठाऊक असेल तर मला सांगा. मला फार भीती वाटते.